गुडघा बदलायचा, पण रक्त थांबेल तर!

नाकाडोंगरीच्या बांध्यांवर पऱ्हे पाहत होतो, तेव्हा एका बापाने विचारले, "साहेब, पोराला हिमोफिलिया आहे, गुडघा कामातून गेला. बदलून घेतला तर रोवणीला उभा राहील काय?" प्रश्न धानाचा नाही, पण घराचा आहे. म्हणून आजचे पान त्यालाच.

रक्त गोठवणारा एक घटक कमी असला की हा आजार होतो. 'अ' प्रकारात आठवा, 'ब' प्रकारात नववा. बहुधा आईकडून मुलाकडे येतो. त्यात आईचा दोष नाही, घरात तिला बोल लावू नका. खरे नुकसान बाहेरच्या जखमेने नव्हे, सांध्याच्या आत होते. गुडघ्यात पुनःपुन्हा रक्त साचते, अस्तर जाड होते, कूर्चा झिजते आणि भर तरुणपणी पाय आखडतो. आपल्याकडे वात समजून तेलाने चोळतात. चोळण्याने रक्तस्राव वाढतो.

गुडघा बदलता येतो. पण बांध घातल्याशिवाय बांधीत पाणी सोडत नाही, तसेच येथे आहे. शस्त्रक्रियेआधी कमी असलेला घटक शिरेतून देऊन त्याची पातळी जवळजवळ निरोगी माणसाइतकी आणतात, आणि नंतरही साधारण दोन आठवडे देत राहतात. काहींच्या शरीरात या घटकाला मारक द्रव्ये तयार झालेली असतात. ती तपासणी आधी हवीच. म्हणून रक्तविकाराचे डॉक्टर आणि हाडांचे डॉक्टर दोघेही जेथे आहेत, तेथेच हे काम करावे. गाठीला पैसा आहे म्हणून भलतीकडे घाई नको.

वेदना बऱ्याच कमी होतात, चालणे सुधारते. गुडघा मात्र पूर्ण वाकेलच असे नाही, आणि वाकला तरी उकिडवे बसून निंदण, चिखलात वाकून रोवणी ही कामे त्याच्यावर टाकू नका. कृत्रिम सांधा झिजतो. तरुणाला पुढे दुसऱ्यांदा बदलावा लागू शकतो. लहान मुलांना घटकाची सुई नियमित मिळाली, तर पुष्कळदा ही पाळीच येत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. प्रमाणपत्राची आणि घटकाच्या सुईची चौकशी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात करा. तोवर गुडघा सुजला तर विश्रांती आणि कापडात गुंडाळलेला बर्फ द्या, आणि लगेच दवाखाना गाठा. ॲस्पिरिनची गोळी देऊ नका. कमरेत सुई टोचण्याआधी आजाराचे नाव सांगा.