मोजणाऱ्यांनो, आधी तुमची पट्टी दाखवा

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात एक पान हमखास असतं. जगातला सर्वांत मोठा देश, जगातलं सर्वांत मोठं शहर. डावीकडे नाव, उजवीकडे आकडा. आपली पोरं रात्र रात्र जागून ते पान घोकतात. बरोबर उत्तराला एक मार्क. पण मित्रहो, त्या पानावर एक प्रश्न कधीच छापलेला नसतो. हे मोजलं कुणी? कशानं मोजलं? आणि मोजताना दाराबाहेर कुणाला उभं केलं? मी म्हणतो, तो प्रश्न आपण विचारायचा. कारण त्या आकड्यांत आपण आहोत. डोकं म्हणून नक्कीच आहोत. माणूस म्हणून आहोत की नाही, ते तपासायचंय.

आधी शहरं घेऊ. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी यादी काढली. टोकियो पहिलं, ३ कोटी ७४ लाख. दिल्ली दुसरी, २ कोटी ८५ लाख. पोरांनी पाठ केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच संयुक्त राष्ट्रांनी नवी यादी काढली. जकार्ता पहिलं, जवळजवळ ४ कोटी २० लाख. ढाका दुसरं, ३ कोटी ७० लाखांच्या घरात. टोकियो तिसरं, ३ कोटी ३० लाख. आता सांगा, सात वर्षांत असं काय झालं? टोकियोतून चाळीस लाख माणसं बोचकी बांधून निघून गेली? जकार्तात तीन कोटी माणसं आभाळातून पडली? तसलं काही नाही. पट्टी बदलली. आधी प्रत्येक देश आपल्या शहराची हद्द सांगायचा आणि तीच धरली जायची. आता सगळीकडे एकच माप लावलं. नकाशावर एकेका चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे. ज्या चौकोनात दीड हजारांवर माणसं, तो दाट. असे दाट चौकोन सलग लागून पन्नास हजारांची वस्ती झाली की ते शहर.

जकार्ताच्या सरकारी हद्दीत २०२० च्या गणतीप्रमाणं माणसं होती एक कोटी पाच लाखांच्या आसपास. उरलेली कोट्यवधी कुठं होती? बेकासी, देपोक, बोगोर, तांगेरांग अशा आजूबाजूच्या गावा-शहरांत. त्यांतली लाखो माणसं दिवसा जकार्ता चालवायची आणि रात्री जकार्ताच्या रेषेबाहेर झोपायची. आपल्याला हे नवं नाही. गावाची सगळी कामं करायची आणि गावकुसाबाहेर राहायचं, हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी केलं. फरक इतकाच, की जकार्तावाल्यांना निदान नव्या पट्टीनं आत घेतलं.

उलटंही होतं. चीनमधल्या चोंगचिंगची २०२० ची लोकसंख्या ३ कोटी २० लाख. कुठं कुठं तेच जगातलं सर्वांत मोठं शहर म्हणून छापलेलं सापडेल. पण त्याची हद्द आहे ८२ हजार चौरस किलोमीटरची, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठी. तिच्यात डोंगर आहेत, भातखाचरं आहेत, खेडीच्या खेडी आहेत. शेतात गुडघाभर चिखलात उभा असलेला शेतकरी कागदावर महानगरवासी!

आणि शांघाय? २०२० च्या गणतीत २ कोटी ४८ लाख. त्यांतले सुमारे १ कोटी ४ लाख बाहेरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले. यादीत नंबर लावायला ते शांघायचे. पण चीनमध्ये १९५८ पासून 'हुकोऊ' नावाची घराण्याची नोंदवही चालते. माणूस कुठं घाम गाळतो ह्यापेक्षा त्याचं नाव कुठल्या गावच्या वहीत आहे, हे ती विचारते. पोराची शाळा, घर, म्हातारपणाची पेन्शन, सगळीकडे ती वही आडवी येते. इमारत बांधताना तू शांघायचा, पोराला शाळेत घालताना तू गावचा.

आता आपली मुंबई. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई १ कोटी २४ लाख. आसपासची जोडलेली शहरं धरली तर १ कोटी ८४ लाख. ह्या मुंबईत ५२ लाख माणसं झोपडपट्टीत, म्हणजे शंभरातली बेचाळीस. धारावीत किती? कुणी तीन लाख म्हणतो, कुणी दहा लाख. सहाशे एकरांच्या आत माणसं किती राहतात, हे देशाच्या आर्थिक राजधानीला ठामपणानं सांगता येत नाही. जमिनीचा भाव मात्र इंचाइंचाचा पाठ आहे.

हे आपोआप झालेलं नाही. १९७६ साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांची गणती झाली, फोटोपास वाटले. ज्याच्याकडे फोटोपास तो माणूस. मग तारखा आल्या. १९९५ च्या आधीचा असशील तर पात्र. पुढं तीच तारीख १ जानेवारी २००० झाली. तारखेच्या अलीकडचा रहिवासी, पलीकडचा अतिक्रमण! एकाच गल्लीत, एकाच नळावर पाणी भरणारी दोन माणसं, एक मोजलेला आणि दुसरा बिनमोजलेला. फुटपाथवरच्यांना तर त्या गणतीत जागाच नव्हती. म्हणून १९८५ साली भायखळ्याच्या बाजूच्या फुटपाथवासीयांची वेगळी गणती कार्यकर्त्यांनी आणि तिथल्या बायांनी मिळून केली. तिला नाव दिलं 'आम्ही, अदृश्य'. ज्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात फुटपाथवाल्यांच्या खटल्याचा निकाल लागला, त्याच वर्षी.

आमच्या वस्तीतलंच सांगतो. एकदा मोजणीवाले आले. खालच्या खोलीत आम्ही पाच, वरच्या पोटमाळ्यावर भाड्यानं राहणारे बिगारी कामाचे चार गडी. वहीवाल्यानं खालूनच विचारलं, वर कोण? म्हटलं, भाडेकरू आहेत, संध्याकाळी येतील. त्यानं आमचे पाच लिहिले आणि पुढच्या दारात गेला. ते चौघं शहराचे मजले चढवत होते आणि शहराच्या वहीत एक शिडी चढायला कुणाला सवड नव्हती.

शहरांचं हे असं. देशांचं काय? एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं, त्या वर्षाच्या मध्यावर भारत १४२ कोटी ८६ लाख होईल आणि चीन १४२ कोटी ५७ लाख. भारत पहिला! अर्ध्या लोकांनी छाती बडवली, अर्ध्यांनी कपाळ. पण हा आकडा मोजलेला नव्हताच, अंदाज होता. आपण शेवटचं मोजलं २०११ साली, तेव्हा १२१ कोटी भरलो. १८८१ पासून दर दहा वर्षांनी ह्या देशात गणती झाली. दुसरं महायुद्ध पेटलं होतं तेव्हा १९४१ ची सुद्धा झाली. २०२१ ची चुकली. आधी करोना म्हणाले, करोना संपल्यावर काहीच म्हणाले नाहीत, नुसती तारीख ढकलत राहिले. तोवर रेशनचा राज्याराज्यांचा कोटा बसवलेला २०११ च्या डोक्यांवर. पोट आजचं, आकडा २०११ चा! जगात पहिला नंबर मिरवायला अंदाज चालतो, धान्य द्यायची वेळ आली की म्हणायचं, गणती झालेली नाही.

बरं, आकडा वाढला की शिव्या कुणाला? आम्हाला. 'ह्या लोकांना पोरं फार.' हे वाक्य ट्रेनमध्ये, हापिसात, डॉक्टरच्या दारात ऐकलं नाही असा आपल्यातला माणूस दाखवा. ही भाषाही जुनी आणि जागतिक आहे. १९६८ साली अमेरिकेत पॉल एर्लिक ह्यांचं 'पॉप्युलेशन बॉम्ब' नावाचं पुस्तक आलं. त्याची सुरुवातच दिल्लीतल्या एका टॅक्सीतून दिसलेल्या गर्दीनं होते. त्या सुमारास दिल्लीची लोकसंख्या होती २८ लाखांच्या आसपास आणि पॅरिसची सुमारे ८० लाख. पॅरिसमध्ये तिप्पट माणसं, पण बॉम्ब दिसला दिल्लीत. का? पॅरिसमधले नागरिक आणि दिल्लीतली गर्दी. गरीब माणूस रस्त्यावर दिसला की तो जास्तच वाटतो.

मग ह्या बॉम्बची वात काढायला आणीबाणीत सुऱ्या निघाल्या. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत ६२ लाख पुरुष. खाली मास्तरापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना कोटा ठरवून दिलेला. कोटा भरायला बंगल्यातला माणूस कोण धरणार? धरला तो रस्त्यावरचा, फलाटावरचा, बिनजमिनीचा. आपलं महाराष्ट्र राज्य तर सगळ्यांच्या पुढं. तीन पोरांनंतर सक्तीनं नसबंदी करायचं विधेयक इथल्या विधानसभेनं १९७६ साली मंजूर केलं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून सुटलो. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याचा हा इतिहास शाळेत कुणी शिकवत नाही.

आणि आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातला जननदर बाईमागं २.० निघाला. लोकसंख्या स्थिर राहायला लागतो २.१. अनुसूचित जातींत तो २.०८. म्हणजे आपणही त्या रेषेच्या खालीच आहोत. तरी शिवी तीच! तिकडं चीननं १९८० पासून एक पोराचा कायदा लादला, २०१६ ला दोन म्हणाले, २०२१ ला तीन करा म्हणाले. तरी २०२२ पासून चीनची माणसं कमी व्हायला लागली. दक्षिण कोरियात २०२३ साली जननदर ०.७२ वर आला आणि तिथलं सरकार पोरं होऊ द्या म्हणून पैसे वाटत होतं. बाईचं पोट म्हणजे ह्यांच्या कारखान्याचा नळ. लागला तेव्हा सोडायचा, नको तेव्हा बंद.

धरणीला भार कुणाचा होतो तेही बघा. अमेरिकेत ३४ कोटींच्या आसपास माणसं, भारताच्या चौथ्या हिश्शाइतकी. पण कार्बनचा धूर अमेरिका भारतापेक्षा जास्त सोडते. तिथं माणशी वर्षाला चौदा टनांच्या आसपास, इथं दोनच्या आसपास. आणि इथल्या दोनातही झोपडीतल्या चुलीचा वाटा किती आणि टॉवरमधल्या एसीचा किती, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

तर मित्रहो, मोजणी ही सत्तेची गोष्ट आहे. सगळ्या जगात आहे. अमेरिकेची घटना १७८७ साली लिहिली गेली तेव्हा काळा गुलाम पाचातले तीन भाग माणूस म्हणून मोजायचं ठरलं. कापूस वेचताना अख्खा, मोजताना तीन पंचमांश! आणि त्या तीन पंचमांशाच्या जोरावर संसदेत जास्त जागा मिळाल्या कुणाला? त्याच्या मालकाच्या राज्याला. ऑस्ट्रेलियाच्या घटनेत तर लिहूनच ठेवलं होतं, की देशाची लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरू नये. ते कलम निघालं १९६७ च्या सार्वमतानं. मेंढरं मोजणाऱ्या देशात माणसं साठ-पासष्ट वर्षं बिनमोजलेली! नायजेरियात २००६ साली गणती झाली. केंद्रानं लागोस राज्याची माणसं ९० लाख सांगितली, लागोस राज्यानं स्वतःची मोजणी करून १ कोटी ७५ लाख सांगितली. निम्मा फरक. कारण डोक्यांवर तिथं पैसा आणि जागा वाटल्या जातात. ज्याच्या हातात वही, त्याच्या हातात वाटा.

आणि आपल्या देशात? सगळ्या जाती शेवटच्या मोजल्या १९३१ साली. १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या. २०११ साली आपण भरलो २० कोटी १३ लाख. एवढ्या माणसांचा वेगळा देश असता, तर जगातल्या पहिल्या पाच-सहा देशांच्या रांगेत बसला असता. परीक्षेच्या त्या पानावर ह्या देशाचं नाव नाही. त्याच जनगणनेनं ७ लाख ९४ हजार संडास असे मोजले, जिथला मैला माणूस उचलतो. संडास मोजले! उचलणारे हात किती, तो रकाना नव्हता. नंतर सरकार संसदेत सांगतं, हातानं मैला उपसताना कुणी मेलाच नाही, मेले ते गटार नि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईत. रकाना बदलला, मढं तेच.

३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारनं जाहीर केलं की पुढच्या जनगणनेत जात मोजणार. जूनमध्ये अधिसूचना निघाली, १ मार्च २०२७ ही तारीख ठरली. आपल्यातले काही शिकलेले म्हणतात, आपल्याला जात मोडायची, मग ती लिहून कशाला द्यायची? मी त्यांना विचारतो, तुम्ही लिहिली नाही म्हणून घरमालक विचारायचा थांबला का? जात मोजली नाही म्हणून ती ऐंशी-नव्वद वर्षांत गेली का? फायदा झाला तो वरच्यांचा. त्यांच्या ताब्यात जमीन किती, खुर्च्या किती, कारखाने किती, हे त्यांच्या संख्येशी ताडून बघायची सोय राहिली नाही. म्हणून मी म्हणतो, मोजा. आम्हालाही मोजा, तुम्हालाही मोजा. आणि नुसती डोकी मोजून २०११ च्या जातगणतीसारखे आकडे कपाटात कोंडायचे असतील, तर त्या कपाटासमोर आम्ही बसू.

गड्यांनो, मोजणीवाला दारात आला की त्याला बसवा, पाणी द्या आणि तो काय लिहितो ते वाचून घ्या. पोटमाळ्यावरचा, फुटपाथवरचा, पुलाखालचा, वीटभट्टीवर गेलेला, ऊसतोडीला गेलेला, एकही सुटता कामा नये. धर्म बौद्ध असेल तर बौद्धच लिहा आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीतली आपली नोंदही करा. १९९० च्या दुरुस्तीनं तो हक्क दिलेला आहे. पेन त्याचा असला तरी माहिती आपली आहे. वस्तीवस्तीत चार-चार पोरांनी उभं राहा आणि आपली स्वतःची वहीही ठेवा, म्हणजे उद्या त्यांचा आकडा आपल्या आकड्याशी भिडवता येईल.

पहिल्या नंबरचा देश म्हणून तुम्हाला खुशाल मिरवायचं तेवढं मिरवा. आम्हाला आमचा हिशोब पाहिजे.