वाढलेले गर्भाशय आणि योनिमार्गाची शस्त्रक्रिया : आरोग्य विज्ञान विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



तंतुगाठींमुळे, किंवा गर्भाशयाचे अस्तर त्याच्याच स्नायूंत शिरण्याच्या अ‍ॅडिनोमायोसिस या विकारामुळे गर्भाशय वाढते. औषधोपचार थकल्यावर ते काढणे अटळ झाले, की पुष्कळदा केवळ आकार पाहून पोटावर चिरा घेण्याचे ठरते. योनिमार्गाची शस्त्रक्रिया अंग बाहेर आलेल्या स्त्रियांपुरतीच, ही समजूत त्यामागे असते आणि ती शास्त्राला धरून नाही. शक्य असेल तेथे योनिमार्गालाच पसंती द्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये केली आहे, कारण पोटावरील शस्त्रक्रियेपेक्षा या मार्गाने स्त्री लवकर सावरते आणि रोजच्या कामाला लागते.

निरोगी गर्भाशयाचे वजन साधारण ७० ग्रॅम असते, तर बारा आठवड्यांच्या गर्भारपणाएवढे वाढलेले गर्भाशय सुमारे २८० ग्रॅम भरते. तथापि निर्णय वजनावर सोडता येत नाही. गर्भाशय किती हलते, योनिमार्गात किती जागा आहे, गाठ नेमकी कुठे आहे आणि आतील अवयव एकमेकांना चिकटले आहेत काय, हे भूल दिल्यावर पुन्हा तपासून मार्ग ठरवावा लागतो.

वाढलेले गर्भाशय योनिमार्गाने काढण्याच्या तंत्राचा कणा क्रमात आहे. गर्भाशयमुखाभोवती छेद घेऊन मूत्राशय वर सारले जाते, आधारबंध कापून बांधले जातात आणि दोन्ही बाजूंच्या गर्भाशय धमन्यांना टाके घातले जातात. मुख्य रक्तपुरवठा असा थांबल्यावरच आकार कमी करण्यास हात घालायचा असतो. त्यानंतर गर्भाशय मधोमध दुभागता येते, गाठी सोलून काढता येतात किंवा स्नायूंचे पाचरीसारखे तुकडे घेता येतात. लॅश या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत गर्भाशयमुख खाली ओढत बाह्य आवरणाच्या लगेच आत, स्नायूंत गोलाकार छेद घेतला जातो, त्यामुळे गोल गर्भाशय आतील पोकळी न उघडता लांबट होऊन खाली उतरते. कर्करोगाची शंका असल्यास मात्र असे तुकडे करणे वर्ज्य आहे, म्हणून अस्तराची तपासणी आधीच व्हावयास हवी.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. सिझेरियन झालेल्या स्त्रियांमध्ये चिकटलेले मूत्राशय बाजूच्या पोकळीतून सुरक्षितपणे सोडवण्याची वाट मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी दाखवली. अशी विद्या ग्रंथातून नव्हे, तर ज्येष्ठांच्या शेजारी उभे राहून हातात येते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा ओढा वाढत असताना तो हात पुढच्या पिढीकडे पोहोचला नाही, तर महागड्या यंत्राविना होऊ शकणारा हा उपचार ग्रामीण रुग्णालयांतील स्त्रियांना कायमचा दुरावेल.

म्हणून विद्यापीठाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत अंग बाहेर न आलेल्या, वाढलेल्या गर्भाशयाच्या योनिमार्गी शस्त्रक्रियांचा स्वतंत्र रकाना ठेवावा, पोटाचा मार्ग निवडल्यास त्याचे कारण लिहिणे बंधनकारक करावे आणि या तंत्राच्या अध्यापकांसाठी कार्यशाळा भरवाव्यात. मध्येच पोट उघडावे लागले, तर ते अपयश न मानता योग्य निर्णय म्हणून नोंदले जावे. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला होता; त्याचे भान ठेवून, गर्भाशय काढण्याची गरज आहे काय, हा रकाना त्या नोंदवहीत सर्वांत पहिला असावा.