थोर बायका हसत नव्हत्या का?



चातुर्मास चालू आहे आणि रत्नागिरीचा पाऊस काही थांबत नाही. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की संध्याकाळ मोकळीच असते. परवा लेकीने 'वाइल्ड नाइट्स विथ एमिली' हा २०१८ चा इंग्रजी चित्रपट लावला. अमेरिकेची कवयित्री एमिली डिकिन्सन हिच्यावरचा, आणि चक्क विनोदी!

चित्रपट संपला आणि घरात दोन तट पडले. जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या बाईची अशी थट्टा करतात का?" लेक म्हणाली, "काकू, थट्टा तिची नाही, तिला रडकी ठरवणाऱ्यांची आहे."

एमिली १८८६ मध्ये गेली. जिवंतपणी तिच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या, मागे राहिल्या जवळजवळ अठराशे. जगाने तिचं चित्र ठरवून टाकलं: पांढऱ्या कपड्यातली, घराबाहेर न पडणारी, उदास बाई. दिग्दर्शिका मॅडेलिन ओल्नेक यांनी तिला हसरी, खट्याळ दाखवलं आहे आणि भावजय सुझनवर तिचं असलेलं प्रेमही उघड दाखवलं आहे. इथपर्यंत मी लेकीच्या बाजूची.

पण एक गोष्ट खटकली. चित्रपटात सगळ्यात जास्त हसं होतं ते मेबल टॉडचं. तिने कवितांत फेरफार केले, हे खरंच. पण त्या कविता उतरवून, जुळवून १८९० मध्ये पहिलं पुस्तक काढण्यात तिचाच मोठा हात होता. तिने कष्ट घेतले नसते तर एमिली इतक्या लवकर लोकांपर्यंत पोचली असती का? एका बाईला न्याय देताना दुसरीला नुसती हास्यास्पद करणं मला पटलं नाही. अनेकांत आपण फक्त प्रवचनात ऐकायचा आणि घरी विसरायचा, असं होऊ नये.

मला आठवल्या आपल्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा संसार उधळला. पुढे १९०० मध्ये त्यांनीही तो धर्म स्वीकारला. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केलं. एवढं सोसलेल्या बाईने रडगाणं लिहिलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण पानोपानी हसतो. वडिलांचं सोवळ्याचं खूळ, टिळकांचा संताप आणि विसराळूपणा, स्वतःची फजिती, सगळं त्या सांगतात. तरी त्या पुस्तकात कोणीही लहान होत नाही. विजया मेहतांनी त्यावर चित्रपटही केला.

मी स्वतः पाणी गाळून पिणारी, कंदमुळं न खाणारी. त्यांच्या सोवळ्याच्या गोष्टी वाचून मी हसले, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. माझे नियम कोणाला दुखवायला तर वापरत नाही ना, हे तपासलं. चांगल्या विनोदाने एवढं तरी करावं.

माझी आजी ओव्या रचायची. कुठे लिहून ठेवल्या नाहीत. ती गेल्यावर सगळे म्हणाले, "फार सोसलं हो तिनं." खरंच सोसलं. पण ती आजोबांच्या घोरण्यावर ओवी रचून आम्हा नातवंडांना पोट धरून हसवायची, हे त्या दिवशी कोणीच बोललं नाही. मीही गप्प राहिले. मला वाटलं, अशा वेळी ते शोभणार नाही. आता ती ओवी मला पुरती आठवत नाही.

म्हणून जाऊबाईंना मी एवढंच म्हटलं: थोर बाईला हसताना दाखवलं म्हणून ती लहान होत नाही. तिचं हसू पुसलं, तर मात्र ती अर्धीच उरते.

तुमच्या घरातल्या आजीची एखादी गमतीची ओवी आठवत असेल, तर आजच वहीत उतरवून ठेवा.