सेल बदलता येत नसेल तर नको!

आमच्या सातारा जिल्ह्यात अजूनही टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्या आत घालायच्या वस्तूला 'सेल'. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा होस्टेलवरची मंडळी यावरून माझी खेचायची. आज अमेरिकेत लिथियम-आयनमध्ये डॉक्टरेट करून त्याच क्षेत्रात नोकरी करताना सांगतो, आमच्या गावची भाषा पॉवर बँक बनवणाऱ्यांच्या भाषेपेक्षा जास्त शास्त्रशुद्ध आहे. बॅटरी हे घर, सेल हे बिऱ्हाड. बिऱ्हाड हललं म्हणून कुणी घर पाडत नाही. सेल संपले की दुकानातून दोन नवे आणायचे, पत्र्याची बॅटरी वीस वर्षं तीच.

पॉवर बँकेत मात्र आपण दर दोन-तीन वर्षांनी आख्खं घर पाडतो आणि त्याला प्रगती म्हणतो.

मुळात आत असतं काय? लिथियम-आयन सेल, आणि ३.७ व्होल्टचे ५ किंवा जास्त व्होल्ट करणारं एक सर्किट. सेल हा झिजणारा भाग आहे, सायकलच्या टायरसारखा. ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरला-रिकामा केला की त्याची क्षमता सर्वसाधारणपणे ८० टक्क्यांच्या आसपास येते. उन्हात तापलेल्या गाडीत शंभर टक्के भरून ठेवला तर न वापरताही झिजतो. सर्किटचं आयुष्य वेगळं, त्याची दुखणी वेगळी. परवा लॅबमध्ये एका सहकाऱ्याची 'मेलेली' पॉवर बँक आम्ही उघडली. (घरी करू नका. आमच्याकडे त्यासाठी अवजारं आणि न पेटणारी पेटी आहे.) आत तीन सेल, मोजले तर तिन्ही ठणठणीत! मेलं होतं ते यूएसबीचं सॉकेट, ज्याची किंमत इथल्या कपभर चहाएवढीही नाही. पण सेल पट्ट्यांना वेल्ड केलेले आणि वरचं प्लॅस्टिक कायमचं चिकटवलेलं. म्हणजे सॉकेटच्या तेराव्याला तीन जिवंत सेल सती गेले.

आता छापील आकड्यांची गंमत बघा. '२०,००० एमएएच' हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे ७४ वॉट-अवर. बाहेर ५ व्होल्टवर त्याचे १४,८०० होतात आणि रूपांतरातली घट वजा करून हातात १३,००० च्या आसपास. हे निदान नियमात बसणारं तरी आहे. पण खिशात मावणारी '५०,०००'ची पॉवर बँक? हिशोब करा. २१७०० आकाराचा (२१ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर लांबी) चांगला सेल ५,००० एमएएचचा आणि सुमारे ७० ग्रॅमचा असतो. तसे दहा लागतील, म्हणजे नुसते सेलच ७०० ग्रॅम. तुमच्या हातातलं खोकं ३०० ग्रॅम भरत असेल तर बाकीचे सेल कुठे राहायला गेले? आणि आकडा खरा असेल तर ते १८५ वॉट-अवर झाले. विमानात १०० पर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची लागते, त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाही. खोटा आकडा किंवा विमानबंदी, यातलं एक निवडा.

सीलबंद खोक्याचा खरा धोका असा की आत कोण बसलंय हे तुम्हाला कळत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेत अँकरने पॉवरकोअर १०००० हे मॉडेल परत मागवलं. सुमारे ११ लाख ५८ हजार नग, आगी आणि स्फोटांच्या १९ तक्रारी. विक्री २०१६ ते २०२२ मधली. त्याच महिन्यात त्यांनी आणखी काही मॉडेलं मागवली, कारण एकाच पुरवठादाराचे सेल. चीनमध्ये रोमॉसने सुमारे ४ लाख ९० हजार नग मागवले. ही काही फुटपाथवरची नावं नव्हेत. पण ग्राहकाने सेलचा निर्माता बघून ठरवावं म्हटलं तर बघणार कुठे? तळाशी मुंगीच्या अक्षरात सीरियल नंबर, तो कंपनीच्या साइटवर टाकायचा आणि निकालाची वाट बघायची. दहावीचा निकाल बरा! वर मागवलेली पॉवर बँक कचऱ्यात टाकायची नाही, दुकानातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यातही नाही. गावाच्या घातक कचरा केंद्रात न्यायची.

यावर लगेच हात वर होईल: "अहो पण सुटे सेल धोकादायक असतात, सरकारच सांगतं!" खरं आहे. इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका, वापरू नका असा स्पष्ट इशारा दिला. सेल कंपन्याही तेच म्हणतात. उघडा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकला तर शॉर्ट होऊन पेटू शकतो. पण या इशाऱ्याचा उपाय सेल कायमचा गाडून टाकणं हा नाही. उपाय आहे तो संरक्षक सर्किट असलेला, उलटा सेल घातला तर चालूच न होणारा, झाकणाचा डबा. कंपन्यांना सुरक्षेची इतकी काळजी असती तर असे डबे त्यांनीच बनवून, स्वतःचे प्रमाणित सेल त्यात बसतील असे विकले असते. तसं केलं तर तीन वर्षांनी तुम्ही फक्त सेल घ्याल, खोकं नाही. दुखणं तिथे आहे. (आणि घरात लहान मुलं असतील किंवा या भानगडीत पडायचंच नसेल, तर सुटे सेल आणूच नका.)

बाजारात मिळणारे सगळे बदलत्या सेलचे डबे चांगले असतात असंही नाही. स्वस्तातले बरेचसे भयंकर असतात. त्यांत सगळे सेल समांतर जोडलेले. एक ४.२ व्होल्टचा भरलेला आणि एक ३.२ व्होल्टचा रिकामा सेल शेजारी घातला की मधल्या एका व्होल्टला अडवायला सेलांचा आंतररोध आणि संपर्कपट्ट्या, सगळं मिळून समजा ०.१ ओहम. म्हणजे क्षणात १० अँपिअर एकातून दुसऱ्यात! म्हणून प्रत्येक सेलचा कप्पा स्वतंत्रपणे भरणारा डबाच घ्या. वर्णनात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो समांतर आहे असंच धरून चाला. एक किंवा दोन सेलचा, चार्जर म्हणूनही चालणारा डबा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. त्यात वरचं बटण असलेला सेल बसतो की सपाट डोक्याचा, हेही आधी बघा. संरक्षित सेल चार-पाच मिलिमीटर लांब असतो, दामटून बसवू नका.

सेल घ्यायचे ते सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, मुराता किंवा मोलिसेलचे, आणि सेल विकणं हाच ज्याचा धंदा आहे अशाकडून. १८६५० वर '९९०० एमएएच' छापलं असेल तर तो सेल नसून विनोद आहे. चांगला १८६५० साधारण ३,५०० चा असतो, ४,००० ही सध्याची शिकस्त. वजन ४५ ते ५० ग्रॅम भरायला हवं. नकलीच्या पोटात छोटा सेल आणि भोवती भुकटी निघाल्याची उदाहरणं आहेत. आवरण फाटलेला किंवा टोक पोचलेला सेल कितीही महागाचा असो, बाद.

युरोपने निदान तोंड तरी उघडलंय. उपकरणातली लहान बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता यावी, अशी अट २०२३ च्या बॅटरी नियमावलीत आहे, तारीख १८ फेब्रुवारी २०२७. पळवाटा आहेतच. इथे अमेरिकेत अजून कचऱ्याचे ट्रक पेटताहेत. पर्यावरण खात्याने २०२१ च्या अहवालात २०१३ ते २०२० या काळात ६४ कचरा केंद्रांवर मिळून २४५ आगी मोजल्या, लिथियम बॅटऱ्यांमुळे लागलेल्या किंवा तसा संशय असलेल्या.

आणि डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांसाठी: पॉवर बँक असो की सुटे सेल, दोन्ही हातातल्या बॅगेत, सेल एकेक प्लॅस्टिकच्या डबीत. चेक-इनच्या बॅगेत बदामांच्या पिशवीखाली नाही.