पहिल्या वर्षाच्या कमिशनचे लुटारू

विमा एजंट होऊ पाहणाऱ्या भिलाईच्या पोरांना आपण सगळे मिळून लुटतो आहोत. लुटणारे तिघे आहेत: फुकटचा हप्ता मागणारा ग्राहक, टार्गेटसाठी हपापलेला अधिकारी आणि पहिल्या कमिशनवर मोटारसायकल उचलणारा खुद्द एजंट. या धंद्यात मी उमेदीची वर्षं घातली आहेत, म्हणून गप्प बसणार नाही.

आधी ग्राहक. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, सेक्टरात मानाने राहणारे आपले मराठी काका नातवासाठी पॉलिसी घ्यायला तयार होतात. फॉर्म भरून होतो, पेन हातात असतं आणि प्रश्न येतो, "पहिल्या हप्त्यात आम्हाला किती सोडशील?" जन्मभर घाम गाळून कमावलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मेहनतान्यात वाटा मागताना लाज वाटायला हवी.

हिशेब बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये एलआयसीने पहिल्या वर्षाचं कमाल कमिशन ३५ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आणलं. वर्षाला ४०,००० रुपये हप्ता असेल, तर जास्तीत जास्त ११,२०० रुपये मिळतात. त्यातले निम्मे काकांना दिले की हातात उरतात ५,६००. आयकराच्या हिशेबात उत्पन्न मात्र पूर्ण ११,२०० धरलं जातं. दिलेले पैसे खर्च म्हणूनही दाखवता येत नाहीत, कारण विमा कायदा, १९३८च्या कलम ४१ नुसार असा रिबेट देणंही बेकायदा आहे आणि घेणंही. दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. वरून सुपेला, रिसाली, दुर्ग अशा चकरांचं पेट्रोल स्वतःच्या खिशातून.

दुसरा लुटारू मार्चमध्ये उगवतो. "आकडा कमी पडतोय, तूच हप्ता भरून टाक, पुढचं पुढे बघू," असं सांगणारे अधिकारी मी जवळून पाहिलेत. पोरगा उधार-उसनवार करून मामाच्या, मेहुण्याच्या नावाने पॉलिसी काढतो. पुढच्या वर्षी मामा हप्ता भरत नाही, पॉलिसी लॅप्स होते. अधिकाऱ्याचा आकडा झालेला असतो, पोराच्या बोकांडी कर्ज बसलेलं असतं. याला मार्गदर्शन म्हणणारा माणूस खोटारडा आहे.

तिसरा लुटारू एजंट स्वतः. १९५९मध्ये इथली पहिली झोतभट्टी पेटली आणि हे गाव पगारावर वाढलं. ठरलेल्या तारखेला पैसे, कारखान्याचं क्वार्टर, कारखान्याचं इस्पितळ. त्या घरात वाढलेल्या पोराला मार्चचं कमिशन दर महिन्याला येणार असं वाटतं आणि तो हप्त्यांवर गाडी घेतो. एप्रिल-मे कोरडे जातात, पण गाडीचा हप्ता थांबत नाही.

नव्या एजंटाने पहिल्या दिवसापासून कमिशनसाठी वेगळं खातं ठेवावं आणि त्यातून घरी दरमहा एकच ठरावीक रक्कम न्यावी. चांगल्या महिन्यातही ती वाढवू नये. कराचा वाटा आधी बाजूला काढावा. एप्रिल २०२५ पासून वैयक्तिक एजंटाच्या कमिशनवर टीडीएस फक्त दोन टक्के कापला जातो आणि तोही वर्षाचं कमिशन २०,००० च्या वर गेलं तरच. पण कापलेला टीडीएस म्हणजे भरलेला सगळा कर नव्हे. कमिशनवाल्यांना अंदाजे टक्क्यांत नफा दाखवायची सवलत नाही, त्यामुळे पेट्रोल, फोन, छपाई यांची प्रत्येक पावती जपावी. सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत गाडीच्या शोरूमची पायरी चढू नये.

पहिल्या वर्षाचं कमिशन हे धंद्याचं भांडवल आहे. खरी कमाई नूतनीकरणात आहे. साडेसात टक्के दराने त्याच ४०,००० हप्त्याच्या पॉलिसीचे वर्षाला ३,००० रुपये येतात, पण ग्राहकाने हप्ता भरला तरच. फुकटच्या हप्त्यासाठी आलेला ग्राहक दुसऱ्या वर्षी पाठ फिरवतो. गरज ओळखून, परवडेल तेवढीच पॉलिसी दिलेला ग्राहक टिकतो आणि त्याच्यावरच एजंटाचं घर चालतं.

काकांनो, पोराच्या कमिशनमध्ये हात घालू नका. अधिकाऱ्यांनो, तुमचा आकडा तुम्ही सांभाळा. आणि पोरांनो, रिबेट मागणाऱ्याच्या दारातून फॉर्म कोरा घेऊन परत या. तो ग्राहक गेला तर तुमचं काहीच गेलेलं नाही.