ठिणग्यांतून उभा राहिलेला माणूस

वाचकहो, ग्रील आणि दारे सांधणारा वेल्डर आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. तोंडापुढे काच धरून तो दिवसभर ठिणग्यांत बसतो. त्याच्या कामाला कला म्हणायला मात्र कोणी तयार नसते. म्हणून आज आम्ही वेल्डिंगने घडलेल्या एका माणसाची ओळख करून देत आहोत.

उत्तर इंग्लंडात गेट्सहेड येथे हमरस्त्यालगतच्या टेकडीवर पंख पसरलेली पोलादी मनुष्याकृती उभी आहे. ‘एंजल ऑफ द नॉर्थ’, म्हणजे उत्तरेचा देवदूत, हे तिचे नाव. उंची २० मीटर, पंखांचा विस्तार ५४ मीटर, वजन २०० टन. शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी स्वतःच्या देहाच्या साच्यावरून ती योजली. हेच गॉर्मली १९७१ ते १९७४ या काळात भारत व श्रीलंकेत राहून बौद्ध धम्माचा अभ्यास करीत होते.

आकृती घडली ती हार्टलपूल गावच्या पोलाद कारखान्यात. कामगारांनी पत्रे कापले, वाकवले, वेल्डिंगने जोडले. अंगावर बाहेरून उभ्या-आडव्या पट्ट्या आहेत, जहाजाच्या सांगाड्यासारख्या. वाऱ्याचा जोर त्या पायाकडे नेतात, आणि पाया २० मीटर खोल खडकापर्यंत गेला आहे. पोलादात थोडे तांबे आहे. त्यामुळे वर बसणारा गंजाचा थर आतल्या धातूला खात नाही, उलट राखतो. रंग लावावा लागत नाही.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पुतळा उभा राहिला. खर्च ८ लाख पौंड, त्यातला बराचसा लॉटरीच्या निधीतून. लोक संतापले होते. एवढ्या पैशांत दवाखाने, शाळा झाल्या नसत्या का? हा प्रश्न आम्हाला मुळीच गैर वाटत नाही. गरिबाने तो विचारलाच पाहिजे.

पण ती जागा पाहा. तेथे पूर्वी कोळसा खाणीची न्हाणीघरे होती. खाणीतून वर आलेला कामगार तेथे अंग धुऊन घरी जाई. खाण गेली, न्हाणीघरे गेली. तो माणूस तेथे राबला याची एवढी मोठी खूण दुसरी कोणती? त्याच वर्षी मे महिन्यात फुटबॉलवेड्या पोरांनी पुतळ्याला आपल्या संघाचा अवाढव्य सदरा चढवला. रागावलेल्या गावाने त्याला आपला मानायला सुरुवात केली होती.

पुतळ्यावर नाव गॉर्मली यांचे आहे आणि ते योग्यच आहे. पण दोनशे टनांचा तो माणूस उभा आहे तो वेल्डरांनी घातलेल्या जोडांवर. तेव्हा आयटीआयला वेल्डिंग शिकणाऱ्या आपल्या मुलाला किंवा मुलीला “नुसता वेल्डर होणार” असे कोणी म्हटले, तर बंधू-भगिनींनो, त्यांना या पुतळ्याची गोष्ट जरूर सांगा.