घर न मोडता डागडुजी

साप्ताहिक सदर : घरचा संगणक

‘कॅपिटल रिपेअर’ हा शब्द भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्या प्रत्येकाने जेवताना वडिलांच्या तोंडून ऐकलेला असतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. अशा भट्टीच्या आतल्या विटा झिजल्या की ती थंड करून नवं अस्तर चढवतात; हीच कॅपिटल रिपेअर. त्यासाठी रेल मिलमध्ये तयार असलेले रूळ कुणी वितळवत नाही. संगणक दुरुस्त करताना आपण मात्र तेच करतो.

वडिलांच्या निवृत्तीच्या दिवसाचे फोटो मी असेच गमावले. लिनक्स सुरू होईना, म्हणून संगणक दुकानात दिला. न विचारता सगळी डिस्क फॉरमॅट झाली. यंत्रणा नवी आली, पण ते फोटो काही परत आले नाहीत.

ते टाळता आलं असतं. लिनक्समध्ये आपल्या फाइली ‘होम’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. त्याला वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र भाग, दिलेलं असेल, तर पुन्हा इन्स्टॉल करताना पार्टिशन स्वतः निवडण्याचा पर्याय घ्यावा. यंत्रणा असलेलं ‘रूट’ पार्टिशन फॉरमॅट करावं, ‘होम’ जोडावं, पण त्याच्यापुढची फॉरमॅटची खूण काढून टाकावी. वापरकर्त्याचं नाव पूर्वीचंच द्यावं. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या पर्यायाला हात लावू नये.

‘होम’ वेगळं नसेल, तरी धीर सोडू नका. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवा आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही घ्या, कारण ब्राउझरच्या खुणा आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज बहुधा त्यांतच असतात. मग चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. वेगळं पार्टिशन असलं तरी ही प्रत हवीच. डिस्कच बिघडली, तर दोन्ही पार्टिशनं एकदम जातात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. जुना संगणक टाकून न देता लिनक्सकडे वळण्याचा मार्ग अनेक घरांपुढे आहे आणि तो चांगला आहे. म्हणूनच माझा आग्रह आहे : पहिल्याच दिवशी ‘होम’ वेगळं मागा. आणि दुरुस्ती करणाऱ्यांनो, डिस्कला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘तुमच्या फाइलींची प्रत कुठे आहे?’ मला तो कुणी विचारला असता, तर वडिलांचे ते फोटो आज घरात असते.

— सदरलेखक, भिलाई